फेट्यामागची आई

स्नेहल ओट्यावर बसून नव्या घराच्या वास्तुशांतीचे फोटो साफ करत होती. फोटोत पूजेला बसलेल्या जोडप्यामागं गवंड्याची शिडी आली होती, सिमेंटची रिकामी पोती आली होती, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल आला होता. मोबाईलवर बोटानं नको त्या वस्तूभोवती गोल काढला की वस्तू गायब आणि तिथं कोरी भिंत.

तिचे सासरे हौसराव शेजारी बाजेवर बसून हे बघत होते.

"शिडी कुठं गेली गं?"

"काढून टाकली, आबा."

"आन् मागची भित कुठनं आली?"

"ती मोबाईलच भरतो."

 हौसराव उठून घरात गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक फोटो घेऊन आले. काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, ताईबाईच्या लग्नातला. न्हावऱ्यात, याच जागेवरच्या जुन्या घराच्या दारात लागलेलं लग्न. मधे मुंडावळ्या बांधलेली ताईबाई आणि नवरदेव, आणि त्यांच्या शेजारी छाती काढून उभे असलेले विशीतले हौसराव. डोक्याला भला मोठा फेटा.

"ह्यातनं मला काढ," ते म्हणाले.

"तुम्हाला? अहो आबा, किती रुबाबदार दिसताय तुम्ही!"

"दिसतोय. पर आडवा आलोय ना. माझ्या मागं आई हाय."

स्नेहलनं फोटो उजेडात धरला. फेट्याच्या तुऱ्याआड खरंच कुणीतरी उभं होतं. पदराची कड आणि बांगड्यांचा एक हात, एवढंच दिसत होतं. सासऱ्यांच्या आईचा घरात एकही फोटो नाही हे तिला ठाऊक होतं. ताईबाईच्या लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात त्या काविळीनं गेल्या. फोटोवाला वऱ्हाडानं पाटसहून आणलेला. मुलीकडच्यांच्या वाट्याला हा एवढा एकच फोटो आला होता.

तिनं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला आणि विशीतल्या हौसरावांभोवती गोल काढला. फेटा गेला, खांदे गेले, आणि मागून एक बाई उमटली. गोरीपान, तुकतुकीत, साबणाच्या जाहिरातीत शोभावी अशी.

"ही कोण?" हौसराव दचकले.

"मोबाईल अंदाजानं भरतो, आबा. मागं काय होतं ते त्याला कुठलं माहीत?"

तिनं पुन्हा केलं. या वेळी एक म्हातारी आली. तिसऱ्या वेळी आलेल्या बाईची हनुवटी मात्र थोडी ताईबाईसारखी होती. हौसराव त्या चेहऱ्याकडं बघत राहिले. 'व्हय, ही असंल' असं अगदी ओठांवर आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. दोन-चार दिवस हा फोटो बघितला तर हीच बाई आई म्हणून डोक्यात बसायची!

"पूस ते. आधी पूस," ते घाईनं म्हणाले.

स्नेहलनं मोबाईल बाजूला ठेवला. "कशा दिसायच्या आजी?"

हौसराव सांगू लागले. डोक्यावर गवताचा भारा असला तरी आई पाण्याचा पाट एका ढांगेत ओलांडायची. कांदे काढायच्या दिवसांत तिच्या हातांना असा वास यायचा की भाकरीलाही तो लागायचा. तिन्हीसांजेला ती बांधावरून हाक मारी, 'हौशाऽऽ', तर ओढ्यापलीकडची माणसंही म्हणायची, जा रं बाबा, तुझी आय बोलावतीय. सगळं आठवत होतं. चेहरा तेवढा पाण्यात पडल्यासारखा हलत होता, धरायला गेलं की निसटत होता.

"कपाळावर गोंदण होतं," ते शेवटी म्हणाले. "तुळशीचं."

खात्री करायला त्यांनी ताईबाईला फोन लावला. ती पाटसला असते.

"कपाळावर? डोकं फिरलंय का तुझं, दादा?" ताईबाई पलीकडून म्हणाली. "हनुवटीवर होतं. तीन ठिपके."

"कपाळावर!"

"माझी येणी घालताना रोज समोर बसायची ती. मला सांगतोस व्हय?"

दोघांची चांगलीच जुंपली. साठी ओलांडलेली भावंडं आईच्या गोंदणावरून भांडताहेत हे ऐकून स्नेहलला हसूही येत होतं आणि कसंसंही होत होतं. एकदम ताईबाई थांबली. "दादा, आमच्या सोपानभाऊजींकडं लग्नाचा आल्बम हाय. वऱ्हाडाकडचा. कवाच उघडला न्हाई आम्ही. येतोस का?"

सकाळच्या एसटीनं हौसराव आणि स्नेहल निघाले. चौफुल्याला उतरून पाटसची गाडी धरली. ताईबाई फाट्यावरच उभी होती. तिथून तिघं तिच्या थोरल्या दिराकडं गेले. सोपानरावांनी माळ्यावरून आल्बम काढून ठेवला होता. पानं एकमेकांना चिकटलेली. स्नेहलनं ती हलक्या हातानं सोडवली. वरात, बैलगाड्या, हारतुरे, रुसलेला नवरदेव. आई कुठंच नव्हती. ताईबाई प्रत्येक पानाला म्हणायची, "आता असंल बघ."

शेवटाकडं पंगत उठल्यानंतरचा एक फोटो होता. फोटोवाल्यानं तो कशाला काढला कोण जाणे. खरकट्या पत्रावळ्या पसरल्यात, त्यांत एक कुत्रं तोंड घालतंय, कडेला कुणाचा तरी नुसता पाय आलाय. आणि चुलवणापाशी, लापशीच्या पातेल्याला टेकून, एक बाई पाय पसरून बसली आहे. पदर खांद्यावर घसरलाय. तोंडात घास आहे आणि ती खदाखदा हसते आहे. हनुवटीवर तीन ठिपके.

"आई," ताईबाई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

 गोंदणाचा वाद हरल्याचंही हौसरावांच्या ध्यानात आलं नाही. ते फोटो जवळ धरत होते, लांब धरत होते. मग त्यांनी स्नेहलला विचारलं, "तुझं वय किती गं?"

"अडतीस, आबा."

"मंजी तुझ्याएवढीच व्हती," ते म्हणाले. "केवढी ल्हान व्हती गं! आन् आम्हाला वाटायचं, लई मोठी हाय."

एवढ्या सगळ्या वर्षांत आई त्यांच्याबरोबर म्हातारी होत आली होती. मनातल्या मनात त्यांनी तिला काठी दिली होती, केस पांढरे केले होते. ती मात्र तिथंच बसली होती, पोरीचं लग्न पार पडल्याच्या आनंदात, पाय पसरून.

"कशाला हसत असंल?" त्यांनी विचारलं. ताईबाईला ठाऊक नव्हतं. सोपानरावांनाही नव्हतं.

स्नेहलनं मोबाईल काढला. "हे काढू का सगळं? कुत्रं, पत्रावळ्या, तो पाय?"

"काढ," ताईबाई म्हणाली. "देवघराशेजारी लावायचाय मला."

"माझ्या फोटोतलं काय काढू नको," हौसराव म्हणाले. "तिनंच वाढली व्हती ती पंगत."

मग दोन फोटो झाले. ताईबाईकडं आई स्वच्छ अंगणात बसली. न्हावऱ्याच्या नव्या घरात ती पत्रावळ्यांच्या पसाऱ्यातच राहिली.

परवा कारेगावहून हौसरावांचे एक जुने सोबती आले होते. चहा घेताना त्यांची नजर भिंतीवर गेली.

"ही कोण? ल्येक का तुमची? कवा बघितली न्हाई."

"आई हाय माझी," हौसराव म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून सांगायला बसले.