खोकल्याचं बटण

मी बोलतोय म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. माझा सगळा जन्म दुसऱ्याचं बोलणं बंद करण्यात गेला, त्यामुळे मला तोंड आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. रेडिओच्या स्टुडिओत बातम्या वाचणाऱ्याच्या उजव्या हाताशी, टेबलावर बसवलेलं काळं बटण ते मी. लोक मला खोकल्याचं बटण म्हणतात. बोट ठेवून दाबून धरलं की समोरचा माइक बंद, बोट उचललं की पुन्हा चालू. शिंक, खोकला, उचकी, जांभई, सगळं माझ्या पोटात जातं आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, काय ठणठणीत माणूस आहे!

मला काही मोठ्या कारखान्यात बनवलेलं नाही. इथल्याच इंजिनिअरने एका मोडक्या यंत्राचं बटण काढलं, वायर जोडली, बाजूला एक छोटा पिवळा दिवा लावला आणि टेबलाला भोक पाडून मला बसवून टाकलं. मला दाबलं की दिवा पेटतो. तो बातम्या वाचणाऱ्यासाठी नाही, शेजारच्या खुर्चीतल्या माणसासाठी आहे. रेडिओवर शांतता म्हणजे पाप. दोन क्षण आवाज आला नाही तर लोक दुसरं स्टेशन लावतात. म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे: दिवा पेटला की शेजारच्याने आपल्या माइकवर तोंड उघडायचं. काय बोलायचं ते नंतर सुचलं तरी चालतं.

माझ्यासमोर बसायची ताई. तिच्या शेजारी ढब्बू. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणीतरी घेत असेल. ताई सकाळच्या बातम्या वाचायची, तो हवामान, रस्त्यांवरची गर्दी आणि फालतू विनोद सांगायचा. ताई कडक. ढब्बूने एखादा शब्द चुकवला की गाणं लागल्याबरोबर त्याची हजेरी घ्यायची. तो कान पकडायचा आणि पुढच्या तासाला दुसरा शब्द चुकवायचा. पण त्याचा चहा यायला उशीर झाला तर आरडाओरडा तिचाच. सख्ख्या भावंडांत नसते इतकी माया होती, फक्त दोघांपैकी एकानेही ती कधी बोलून दाखवली नाही.

पूर्वी ताईचं बोट माझ्यावर क्वचित यायचं. मग एका हिवाळ्यात खोकला सुरू झाला. सगळ्यांनाच होता, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. सगळ्यांचा गेला, ताईचा राहिला. आधी तासाला एकदा, मग प्रत्येक बातमीला. ती मला दाबायची, तोंड फिरवून शालीत खोकायची, आणि तिकडे ढब्बू सुरू: "ताई पान उलटताहेत तोवर सांगतो, काल आमच्या बायकोने मला बाजारात पाठवलं..."

ताई बातम्यांच्या कागदावर पेन्सिलने दम घ्यायच्या खुणा करायची. एका लांबलचक वाक्याला पूर्वी एक खूण असायची. आता त्याच वाक्याचे चार-चार तुकडे दिसायला लागले. समोरचा चहा निवून जायचा, कारण घोट गिळताना तिचे डोळे पाण्याने भरायचे. हे मला दिसत होतं आणि ढब्बूला दिसत होतं. काचेपलीकडे बसलेल्या इंजिनिअरला फक्त दिवा दिसायचा.

ढब्बू तिला म्हणायचा, "ताई, डॉक्टरकडे जाऊन या."

"जाईन रे, घाई कसली?" एवढंच ती म्हणायची.

घाई का नव्हती ते मला ठाऊक होतं. तिच्याआधी या खुर्चीत एक गृहस्थ बसायचे. पाय मोडला म्हणून त्यांनी महिनाभराची रजा घेतली आणि तेवढ्यापुरती ही मुलगी बसवली. गृहस्थ काठी टेकत परत आले तेव्हा खुर्चीत ताई होती आणि ती ताईचीच राहिली. रजा म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिने त्यानंतर कधी रजाच घेतली नाही.

आणि इथे सगळा घोळ झाला बघा. खोकला वाढला तसे ढब्बूचे किस्से लांबायला लागले. लोकांना ते आवडायला लागले. स्टेशनवर फोन यायचे ते ढब्बूसाठी. एक दिवस साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. परत आल्यावर ताई खोलीत नाही असं बघून त्याने इंजिनिअरला सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून बातम्याही त्यानेच वाचायच्या, ताईंना दुपारचा एखादा कार्यक्रम देऊ, असं साहेब म्हणाले होते. घरी बायको खूश होती. ढब्बू मात्र खुर्चीत बसून नखं खात होता. इकडे आड, तिकडे विहीर. दिवा पेटल्यावर गप्प बसावं तर ताईचं पितळ उघडं पडणार, आणि बोलावं तर तोंडाने बोलत बोलत तिचीच खुर्ची ओढून घेतल्यासारखं होणार. शिवाय तिचा घसा आतून काय करत होता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एका पुलाची बातमी वाचत होती. पूल दुरुस्तीसाठी बंद, वाहनांनी अमुक रस्त्याने जावं, असलीच काहीतरी. वाक्याच्या मध्येच तिचं बोट माझ्यावर आलं. दिवा पेटला.

ढब्बू बोलला नाही.

मला वाटलं, झोप लागली की काय याला! ताई शालीत तोंड खुपसून खोकत होती, एका हाताने त्याला खुणावत होती. काचेपलीकडे इंजिनिअर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. ढब्बू ताईकडे बघत नुसता बसला होता. ती कशीबशी म्हणाली, "बोल ना रे." त्याने मान हलवली. मग त्याने हात पुढे केला, ताईचं बोट धरलं आणि माझ्यावरून अलगद उचललं.

गावभर तो खोकला गेला. स्वयंपाकघरांत, दुकानांत, गाड्यांत. तुटका, खरखरीत, थांबता थांबेना. ज्यांनी कधी ताईच्या तोंडून अडखळलेला शब्द ऐकला नव्हता, त्यांनी हे ऐकलं. मग ढब्बू म्हणाला, "ताईंना बरं नाहीये. खूप दिवसांपासून बरं नाहीये. गाणं लावतो."

माइक बंद झाल्यावर ताई उठली. शाल सारखी केली. "खुर्ची हवी होती तर मागायची होतीस, ढब्बू," ती म्हणाली. "मी दिली असती." आणि गेली. त्या आवाजात तिने या खोलीत बोललेलं ते शेवटचं वाक्य.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. तिचा भाऊ घरी दाढी करत रेडिओ ऐकत होता. तो तसाच अर्ध्या साबणाने तिच्या घरी गेला आणि तिला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला. घशात गाठ होती. मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. थोडे महिने आधी आणलं असतं तर आवाजही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. ढब्बू दवाखान्यात गेला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. हे त्याने इंजिनिअरला सांगितलं आणि नंतर बराच वेळ डोळे पुसत बसला.

खुर्ची त्यालाच मिळाली. फोन यायचे, आता शिव्यांचे. एका बाईंनी तर त्याला अस्तनीतला निखारा म्हटलं. विनोद आटले. तो बातम्या वाचायचा आणि घरी जायचा. शेजारी नवीन माणूस घेऊ या, असं साहेब म्हणाले तर नको म्हणाला.

असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी, गाणं चालू असताना, दार ढकलून ताई आत आली. गळ्याला रुमाल, अंगाने अर्धी राहिलेली. ढब्बू धडपडत उठला आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढे केली. तिने ती बाजूला सारली आणि त्याच्या जुन्या खुर्चीत बसली.

आवाज कसला, नुसता वारा येत होता तोंडातून. ढब्बूला पुढे वाकून ऐकावं लागलं. "वाक्याचा शेवट गिळतोस," ती म्हणाली. "रोज ऐकते मी."

"हो ताई."

मग त्याच्याने राहवेना. "ताई, त्या दिवशी मी तुमचं बोट उचललं, पण खुर्चीसाठी नाही हो. आईशप्पथ."

"माहीत आहे." ती दम घ्यायला थांबली. "उचललंस त्याचा राग नाही रे. तुला इतके महिने दिसत होतं. इतक्या उशिरा का उचललंस?"

गाणं संपलं, वर माइक चालू झाल्याचा लाल दिवा लागला, आणि त्याला हवामान सांगावं लागलं. आकाश निरभ्र राहील, असं त्याने सांगितलं. वाक्याचा शेवट गिळला नाही.

आता स्टुडिओत नवीन टेबल येणार आहे. त्याच्यात सगळं काचेवर बोट लावून चालतं म्हणे, त्यामुळे माझी रवानगी भंगारात. तक्रार नाही, खूप दाबून झालं. जाताना एवढंच सांगतो. तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या ठिकाणी कुणीतरी असं काहीतरी दाबून धरून बसलं असेल. तुम्हाला दिसतही असेल. त्याच्यासाठी किस्से सांगून वेळ मारून नेऊ नका. तो चिडेल, तोंड फिरवेल, तुम्हाला नको ते बोलेल. बोलू द्या. त्याला बोलायला आवाज तरी राहील.