करलीचा काटा

घशात काटा अडकला तेव्हा रश्मी अंधेरीत होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो घशाचा नव्हता, घाटकोपरच्या शुभाबेनचा होता.

शुभाबेन तिची घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली, एकटी, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. घाटकोपर पूर्वेला तिच्या घरातली मागची खोली रश्मीनं भाड्यानं घेतली होती. खोली बघायला आली त्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदरभाई दारातच उभे होते. "प्युअर व्हेज ना?" त्यांनी विचारलं. याआधी बऱ्याच इमारतींत रश्मीनं खरं सांगून पाहिलं होतं. खरं सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. या वेळी तिनं मान डोलावली. "इंगोले म्हणजे कोण?" असंही ते म्हणाले. "वाशीमकडचे," एवढंच ती बोलली. आपण बौद्ध आहोत हे तिनं सांगितलं नाही, आणि बाबासाहेबांची तसबीर सुटकेसमध्ये कपड्यांच्या खालीच राहिली.

खोली झकास होती. शुभाबेनही वाईट नव्हती. सकाळी चहा झाला की दार वाजवायची, "रश्मी, थंड होते हां," म्हणायची. पण पुढं दीड वर्षं रश्मी त्या घरात रोज घाबरतच शिरली.

मटण-मासे खायचे तर बाहेर, आणि बाहेर म्हणजे लांब. मुलुंडला तिचं ऑफिस होतं, पण शुभाबेनचा मुलगा हर्षद तिथंच राहायचा, म्हणून मुलुंडमध्ये ती इडलीच्या पुढं कधी गेली नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीत ती शुभाबेनला हाताला धरून डोसा खायला न्यायची. तिथं भीती नव्हती. बाकीचं शहर तिनं रविवारी धुंडाळलं. देवनारला एका पत्र्याच्या हॉटेलात पहाटेपासून शिजत ठेवलेली नळी निहारी खाल्ली. बोरिवलीला एका साताऱ्याच्या बाईच्या खाणावळीत भाकरी कुस्करून तांबडा रस्सा ओरपला. आरे कॉलनीत बसमधून उतरून झाडांतून चालत एका पाड्यावर गेली, तिथं आधी फोन करून सांगितलं तर एक मावशी चुलीवर कोंबडी करून द्यायची. लोकांना ही फिरायची हौस वाटायची. ऑफिसातली मंडळी तिला विचारायची, "या रविवारी कुठं गं?" पण कुठल्याही हॉटेलात शिरताना ती आधी टेबलांवरची तोंडं बघायची, मग पाटी. आणि निघताना लिंबानं हात चोळायचे, दात घासायचे, ओढणी बदलायची. पर्समध्ये टूथब्रश आणि दुसरी ओढणी कायम असायची.

मासे तिला सुगंधानं शिकवले. सुगंधा तिच्याच ऑफिसात होती, मालवणची, राहायला कांजूरमार्गला. वाशीमच्या मुलीला सुरमई आणि पापलेटच्या पुढं काही ठाऊक नव्हतं. सुगंधानं तिला बांगड्याचा काटा काढायला शिकवलं, कुर्ल्या म्हणजे खेकडे फोडायला शिकवलं. त्या रविवारी तीही येणार होती, पण चुलतबहिणीची हळद निघाली, आणि रश्मी एकटीच अंधेरीला गेली.

वर्सोव्याच्या बाजूला गल्लीत सीतारामकाकांची खानावळ होती. देवगडचा माणूस, बनियनवर स्वतः वाढायचा. "आज करली गावली," ताट ठेवताना ते म्हणाले. "पण सांबाळून खा गो चेडवा. चव मोठी, काटे त्येच्यापेक्षा मोठे."

रश्मी सांभाळूनच खात होती. तेवढ्यात दारातून एक उंच, चष्मेवाला माणूस आत आला, आणि तिला वाटलं हर्षद. ती ताटावर वाकली. तोंडातला घास तसाच, न चावता, गिळला गेला.

तो हर्षद नव्हता. पण घशात उजव्या बाजूला काहीतरी टोचलं आणि तिथंच राहिलं.

पाणी प्यायली, टोचलं. भाताचा घास गिळला, जास्त टोचलं. सीतारामकाका धावत आले. "डॉक्टरकडे जा गो, हयसर जवळच आसा," ते म्हणत होते. पण डॉक्टर म्हणजे उशीर, उशीर म्हणजे शुभाबेनचा फोन, आणि त्या फोनवर सांगायचं काय? रश्मीनं मानेनंच नाही म्हटलं. हात चोळले, ओढणी बदलली. ब्रश तोंडात घातला तर उमासा आला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

मेट्रोत बसून तिनं सुगंधाला फोन लावला. मागं हळदीचं गाणं वाजत होतं.

"केळं खा! नाहीतर कोरड्या भाताचा गोळा, न चावता," सुगंधा ओरडली. "आमच्याकडे सगळे तेच करतात. जातो गं आपोआप. घाबरू नकोस यार."

घाटकोपरला उतरल्यावर रश्मीनं एका केळ्याच्या गाडीशी उभं राहून दोन केळी गिळली. दुसऱ्या केळ्याबरोबर काटा हलला, आणि हलून आणखी खाली, आणखी खोल रुतला. आता थुंकीसुद्धा गिळवेना. रुमालात थुंकली तर रुमालाला तांबडी रेघ आली.

आपण मरणार, असं तिला त्या केळ्याच्या गाडीशी पहिल्यांदा वाटलं. आणि लगेच पुढचा विचार आला, की मेलो तर का मेलो हे सगळ्या इमारतीला कळणार.

घरी शुभाबेन हॉलमध्ये वाटाणे सोलत बसली होती. "आली? कढी केली आहे," ती म्हणाली, आणि मग तिनं रश्मीच्या तोंडाकडं नीट बघितलं. "काय झाला बेटा?"

"घसा," रश्मी म्हणाली. आवाज घोगरा फुटला.

"उघड तोंड."

"नको आंटी. झोपते."

ती खोलीत गेली आणि दार लावून पलंगावर बसली. तोंडात लाळ साठत होती, ती रुमालात घेत होती. गळा बाहेरून दाबला तरी दुखत होता. मोबाइलवर तिनं शोधलं आणि नको ते वाचलं: पू होतो, अन्ननलिकेला भोक पडतं. तिनं मोबाइल पालथा टाकला. बाहेर शुभाबेनची चप्पल दारापर्यंत यायची, थांबायची, परत जायची. शेवटी तिनं दार ढकललंच. पलंगावर तांबडे डाग पडलेला रुमाल होता.

"अरे भगवान! रक्त! चल, दवाखान्यात चल."

"गोळी अडकली," रश्मी पटकन म्हणाली. "डोकं दुखत होतं म्हणून घेतली. घाईत... वेष्टनासकट गेली."

हे खोटं तिला आयत्या वेळी कसं सुचलं, तिचं तिलाच कळलं नाही. सुचलं तेव्हा बरं वाटलं.

शुभाबेननं गुडघ्याचा पट्टा चढवला, पाकीट घेतलं, आणि रिक्षात सबंध वाटेवर रश्मीचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. "काय नाय होत," म्हणत होती. तिचाच हात गार पडला होता. रश्मी तोंडावर रुमाल धरून बसली होती आणि एकच हिशेब करत होती: ही बाहेर बसेल, डॉक्टर आत बघेल, मी त्याला हळूच सांगेन.

तसं झालं नाही. नर्सिंग होममधल्या तरुण डॉक्टरनं दोघींनाही आत घेतलं. शुभाबेननंच सांगून टाकलं, "गोळी गेली हिची, कागदासकट."

डॉक्टरचा चेहरा बदलला. "फॉइल? ॲल्युमिनियमचं?" त्यानं टॉर्च मारून पाहिलं, जीभ दाबली, रश्मीला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं. "वरून दिसत नाहीये. त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. अन्ननलिका फाडू शकतात. मी इथं ठेवून घेणार नाही. मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो, भूल देऊन दुर्बीण आत घालावी लागेल." तो नर्सकडं वळला. "ॲम्ब्युलन्सला सांगा. पेशंटबरोबर कोण? सही कोण करणार?"

"मी," शुभाबेन म्हणाली.

"तुम्ही कोण यांच्या?"

शुभाबेन अडखळली. "घरची," ती म्हणाली, आणि पेन हातात घेतलं. ती कागदावर वाकली, चष्मा वर सरकवला, सहीची जागा शोधू लागली.

रश्मीच्या कानांत नुसतं घुमत होतं. भूल, दुर्बीण, फाडू शकतात. तिनं डॉक्टरकडं बघितलं. तो फोनवर होता. हळूच सांगायला जागाच नव्हती. आणि ही म्हातारी तिच्या खोट्यावर सही करत होती.

तिनं शुभाबेनचं मनगट धरलं.

"काटा आहे," ती म्हणाली. "माशाचा. करलीचा."

नर्स थांबली. डॉक्टरनं फोन खाली घेतला. "गोळी नाही?"

रश्मीनं मान हलवली. शुभाबेनकडं बघायची तिची छाती झाली नाही. आपल्या हाताखालचं ते मनगट सावकाश मागं गेलं, एवढंच तिला कळलं.

"आधी सांगायचं ना हो!" डॉक्टर जवळजवळ ओरडला, पण त्या ओरडण्यात सुटका होती. "नाकातून बारीक कॅमेरा घालून इथंच बघता येईल. ईएनटीचे सर वरच आहेत. केळंबिळं खाल्लंत की काय वरून?"

"दोन."

"म्हणून खाली गेलाय."

बाहेर जाताना शुभाबेनची चप्पल फरशीवर घासत गेली. रश्मीला तो आवाज दारापर्यंत ऐकू आला.

वरच्या सरांनी घशात औषधाचा फवारा मारला. जीभ लाकडासारखी झाली, आपण श्वास घेतोय की नाही तेच कळेना, आणि तिनं खुर्चीचे हात गच्च धरले. "हलू नका, हलू नका," असं ते म्हणत राहिले. मग एक ओढ बसली, आणि त्यांनी चिमट्याच्या टोकाला धरलेला काटा तिला दाखवला. बारीक, पांढरा, टोकाला दुभंगलेला. शिवणाच्या सुईएवढासुद्धा नव्हता.

बाहेर बाकावर शुभाबेन नव्हती.

रश्मी दाराशी उभी राहिली. गेली, असं तिला वाटलं. आता घरी जाईल, हर्षदला फोन करेल, श्यामसुंदरभाई वर येतील, सामान जिन्यात निघेल. सुटकेस उघडली जाईल.

शुभाबेन फाटकाबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. रश्मी समोर जाऊन उभी राहिली.

"निघाला?"

"हो."

"गोळी म्हणाली ते सोड. मला खोटं सांगितला, ठीक. पण तो डॉक्टर कापायला नेत होता, आणि तू गप्प." तिचा आवाज फाटला. "मरायला लागली तरी मला घाबरली? मी एवढी कोण आहे?"

रश्मीला नाही म्हणायचं होतं. पण त्या दिवसाचं सगळं खोटं संपून गेलं होतं.

"हो आंटी," ती म्हणाली. "खूप घाबरते. रोज."

शुभाबेन पायरीला हात टेकून उठली. रिक्षात ती आपल्या कोपऱ्यात बसली. लिफ्टमध्ये श्यामसुंदरभाई भेटले. "क्या हुआ, बेन?" त्यांनी विचारलं. रश्मीनं रुमाल मुठीत दडवला.

"गळा," शुभाबेन म्हणाली. "हवा खराब आहे."

दुसऱ्या दिवशी शुभाबेननं मऊ खिचडी केली आणि प्रत्येक घास आत जाईपर्यंत समोर बसून राहिली. पण खिचडी एका जुन्या ताटलीत होती, आणि जेवण झाल्यावर ती ताटली आणि पेला कपाटात गेले नाहीत. तिनं दोन्ही धुऊन खिडकीच्या कट्ट्यावर वेगळी ठेवली. त्यानंतर रोज तसंच. खिचडीत तूप जास्तच असायचं, आणि ताटली वेगळीच असायची. रश्मीला कशाचा राग धरावा तेच कळेना.

आठवड्यानं तिनं खोली सोडत असल्याचं सांगितलं.

"मी काढली नाही तुला," शुभाबेन घाईनं म्हणाली.

"नाही काढलीत. मीच जातेय." आणि मग, जाताना निदान एवढं तरी सांगून टाकावं म्हणून, रश्मी म्हणाली, "अजून एक आहे. आम्ही बौद्ध आहोत."

"मालूम आहे. तुझी आई फोनवर जय भीम बोलते, हॉलपर्यंत ऐकू येते." शुभाबेननं डोळे पुसले, की चष्मा, ते नीट दिसलं नाही. "मी कुणाला सांगितला का?"

म्हणजे जे कळेल म्हणून रश्मी दीड वर्षं रोज घाबरत होती, ते या बाईला ठाऊक होतं आणि तिनंही ते रोज झाकून ठेवलं होतं. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तिला दिसलं ते एवढंच, की या घरात दोघीही घाबरत होत्या.

ती सुगंधाकडे कांजूरमार्गला राहायला गेली. पहिल्या रविवारी सुगंधानं घरातच सुकटीची चटणी परतायला घेतली. वास सुटला तशी रश्मी ताडकन उठली आणि धडाधड खिडक्या लावू लागली.

"काय करतेस गं? गुदमरून मारतेस का?" सुगंधा हसत सुटली आणि तिनं खिडकी पुन्हा उघडली. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा आला. "घे. आता सांग कोणाचा वास कोणाला येतो ते."

रश्मीही हसली. मग सुगंधानं तळलेला बांगडा वाढला, आणि रश्मी ताट घेऊन ट्यूबलाइटच्या खाली सरकली. एकेक तुकडा बोटांनी दाबून, उजेडात फिरवून बघू लागली.

"अगं, बांगडा आहे तो. त्याचा काटा आंधळ्यालाही सापडेल," सुगंधा म्हणाली.

"असू दे," रश्मी म्हणाली. "तू जेव."

सुगंधाचं जेवून, ताट घासून झालं, तरी रश्मीचा बांगडा अर्धाच संपला होता.