लुपिनाच्या शिळेवरचं पीस

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका बाकांवर चढल्या होत्या, पुरुष खांबांना बिलगून टाचा उंचावत होते, आणि सगळ्यांचे डोळे कोंबडीच्या एका पिसावर खिळले होते. ते पीस माझ्या भाच्याच्या ओठांवर ठेवलेलं होतं. भाचा मेलेलाच जन्मला होता.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला दफनभूमीच्या भिंतीआत जागा नसे. स्वर्गातही नसे, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. म्हणून घाटापलीकडून लोक आपली गेलेली बाळं आमच्या कास्त्रेल गावात आणत. रोमन काळात श्रद्धेपायी मारलेली संत लुपिना इथल्या शिळेखाली पुरली आहे, तिच्या मायेची ऊब अजून दगडातून येते आणि ती शिळेवर ठेवलेल्या बाळाला क्षणभर श्वास परत देते, अशी समजूत होती. तेवढ्या क्षणात फादरनी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा.

"लुपिनामाते, तुझ्या पदराची ऊब दे!" फादर बाल्त्सर घुमत्या आवाजात म्हणाले. "मनात शंका असेल त्यानं बाहेर जावं. शंकेनं संत रुसते!"

ज्याला नीट बघायचंय त्यालाच आधी हाकलायची ही सोय छान होती, हे आता कळतं. पण बाहेर कोण जाणार?

पीस थरथरलं आणि उडून बाजूला पडलं.

"हललं! श्वास घेतला पोरानं!"

"गाल बघ गं, गुलाबी झालेत!"

पाणी पडलं, घंटा वाजल्या. माझी धाकटी बहीण मेंगा फरशीवर बसून हमसून रडत होती. पीस हललेलं मीही पाहिलं. मी गावचा मास्तर, एरवी प्रत्येक गोष्ट खोदून विचारणारा. पण आमचे वडील कोसळत्या हिमकड्याखाली सापडून गेल्यावर फादर बाल्त्सरांनी मला आपल्या ताटातलं जेवू घातलं होतं, लॅटिन शिकवलं होतं. त्यांच्यावर शंका घेणं मला सुचलंच नाही.

पुढे शेजारणी बार्लीचं सूप घेऊन यायच्या, "नशीबवान गं तू" म्हणायच्या, आणि मेंगा वाळत चालली. बर्फ वितळू लागलं तेव्हा एकदा ती म्हणाली, "दादा, त्यानं शिळेवर श्वास घेतला, म्हणजे घरी तो जिवंत होता ना?"

"संतेनं प्राण परत आणला, असं फादर म्हणतात."

"त्यांना काय कळतंय! जिवंतच होता तो. मी त्याच्या तोंडावर कापड ओढलं. बर्फातून घसरगाडीत घालून आणला. मीच मारला त्याला."

मी तडक फादरांकडे गेलो. "तिला एवढंच सांगा, की बाळ पोटातच गेलं होतं आणि पीस कशानंही हलतं."

"तुमाश, चमत्कार मी नाकारू? तिला प्रार्थना करायला सांग." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला पहिला संशय तिथं आला.

पुढच्या हिवाळ्यात घाटापलीकडून एक जोडपं बाळ घेऊन निघाल्याचा निरोप आला. निरोप आधी धाडायचा, संतेची आळवणी करायला वेळ लागतो, असा नियमच होता. त्या दुपारी शाळेच्या खिडकीतून मला दिसलं, की चर्चच्या भिंतीलगत बर्फाचा एक पट्टा वितळला आहे आणि ओल्या गवतातून वाफ येते आहे. पट्ट्याच्या कडेनं मागे गेलो. लाकडांच्या ढिगाआड एक बुटकं दार होतं. वाकून आत शिरलो.

आत विटांचे ठेंगणे खांब होते आणि त्यांच्यावर चर्चची फरशी. असे खांब गिरणीमागच्या शेतात नांगराला लागतात. रोमन लोक न्हाणीघराच्या जमिनीखाली जाळ करून ती तापवत. हे मला शिकवलं होतं फादर बाल्त्सरांनीच. आणि तेच माझ्यासमोर ओणवे होऊन, बाह्या सरसावून, जाळात लाकडं सारत होते.

"फादर?"

ते दचकले. मग कपाळावरची काजळी पुसत हळूच म्हणाले, "माझ्या आधीच्या फादरांनी मला हे दाखवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. मी आयांना दिलासा देतो, तुमाश."

"माझ्या बहिणीला काय दिलंत?"

"दार लाव," ते म्हणाले, "ऊब जातेय."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यांच्या पायाजवळचा एक ओंडका मी उचलला, मेंगाला हाताला धरून चर्चमध्ये आणलं. गर्दी जमली होती, जोडपं अजून पोचायचं होतं. शिळेवर ओंडका ठेवला, त्यावर पीस ठेवलं. शिळेच्या फटीतून गरम हवा वर येत होती. पीस थरथरलं आणि उडालं.

"ओंडक्यानं श्वास घेतला!" मी ओरडलो. "घाला पाणी याच्या डोक्यावर!"

"मास्तर, जीभ झडेल तुमची!" खानावळवाला किंचाळला.

"झडू दे. आधी खाली जाऊन जाळ बघून या. थंडीनं थिजलेलं बाळ तापल्या दगडावर ठेवलं की अंग सैल पडतं, गाल लालसर होतात. यात संत कुठे आली?"

चार जण गेले. काळे हात घेऊन परतले. त्यांच्या मागोमाग फादर आले. मेंगा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"फादर, माझं बाळ घरी जिवंत होतं का?"

फादरांनी काजळीचे हात झग्याला पुसले. मग म्हणाले, "नाही, पोरी. ते पोटातच गेलं होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं? आणि वर्षभर मला तसंच जळू दिलंत?"

मेंगानं हात पुढे केला. "दफनभूमीची किल्ली द्या." त्यांनी दिली.

तेवढ्यात दारात ते जोडपं आलं, अंगावर बर्फ, बाईच्या छातीशी गाठोडं. गर्दीनं वाट दिली. मेंगा तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाई, इथं चमत्कार होत नाही. तुझं बाळ आधीच गेलं होतं, तुझी काही चूक नाही. चल, त्याला भिंतीच्या आत ठेवू." ती बाई मेंगाच्या गळ्यात पडली. त्या दिवशी गावानं पाण्याविना, घंटांविना एक बाळ आत पुरलं. कुणीही अडवलं नाही.

गावातले काही जण अजून मला नावं ठेवतात. फादरांशी मी पुन्हा बोललो नाही, आणि त्याचं दुःख मला आहे. वाचकहो, दिलासा देतो म्हणून कुणी खोटं सांगत असेल, तर त्याला दयाळू म्हणू नका. दफनभूमीचं फाटक उघडणं फादरांच्या हातात होतं. ते न उघडता त्यांनी जाळ पेटवला. कुणी चमत्कार दाखवला तर तो कशानं घडतो ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.