मुंगीची टोपी

टक्.

एवढासाच आवाज. पण भिंगरी आत्ता कुठे झोपली होती, आणि नुकत्या झोपलेल्या पोरीच्या आईला भिंतीवरची मुंगी चाललेलीसुद्धा ऐकू येते. ती अर्धी घडी घातलेला फ्रॉक हातात धरून तशीच उभी राहिली. नळ असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. तेवढ्यात परत, टक्, टक्. नळ नव्हता. आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता आणि तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. भिंगरी होण्याआधी ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजायला लागली की अशीच टकटकते.

बाहेरच्या खोलीत सासूबाई एम्ब्रॉयडरीच्या मशीनपाशी बसल्या होत्या. सुई हवेत अडकून राहिली होती आणि खालच्या कापडावर अर्धंच फूल उमटलं होतं.

"आई, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?" सासूबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग जरा ओशाळल्या. "येतोय थोडे दिवस. म्हटलं खोकला असेल, बरा होईल आपोआप."

मशीनच्या शेजारचा कॉम्प्युटर जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. त्याला एकच काम येत असे, मशीनला नक्षी सांगायची. मशीनची जाडजूड केबल त्याच्याशिवाय कुणालाच बसत नसे. नवा कॉम्प्युटर आणतो म्हणून लेक किती वेळा मागे लागला होता, पण नवा त्या मशीनला ओळखच दाखवत नव्हता. आणि नक्षी सगळ्या सासऱ्यांनी काढलेल्या. फुलं, पतंग, वळणदार अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्या नातवंडासाठी काढलेलं मान वळवून बघणारं बदक. ते बदक आता भिंगरीच्या पांघरुणावर होतं, पण ते काढणारे आजोबा भिंगरी यायच्या आधीच गेले. नक्षी उतरवून ठेवलेल्या फ्लॉप्या होत्या, त्यांना कधीच बुरशी लागली होती. म्हणजे जे काही उरलं होतं ते त्या टकटकणाऱ्या डबीत.

भिंगरीला आजोबा माहीत होते ते आवाजानं. ही डिस्क चालू झाली की आधी लांब ओढ घ्यायची, मग गुरगुरायची, मग मधेच गप्प व्हायची. सासरे अगदी तसेच घोरायचे. सासूबाई एकदा गमतीनं म्हणून गेल्या, "हळू गं, आजोबा घोरतायत." तेव्हापासून पोरगी कॉम्प्युटरजवळून चवड्यांवर चालायची.

"गेलं तर जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "भंगारात देऊन टाक. मलाही आता सुईतला दोरा दिसत नाही." बोलायला बोलल्या, पण कॉम्प्युटरवरचा हात काही काढला नाही.

"भंगारात कशाला? बंद करा आधी. डिस्क फिरते म्हणून झिजते. तिच्या जागी कार्ड लावू, कॅमेऱ्यात असतं तसलं. त्यात फिरणारं काही नाही, झिजणार काय? मधे एक अडॅप्टर बसवायचा. जुन्या कॉम्प्युटरला वाटतं, आपली नेहमीचीच डिस्क आहे."

"म्हणजे फसवायचं बिचाऱ्याला."

"फसवायचं कशाला? समजूत घालायची. भिंगरीला औषध पाजते तशी."

"मग कठीण आहे," सासूबाई म्हणाल्या. "निम्मं औषध तर तुझ्या अंगावर असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंगरीला घेऊन बाजारामागच्या अडगळवाल्या काकांकडे गेली. त्यांच्या दुकानात जगानं टाकून दिलेल्या सगळ्या केबलींचा संसार होता. काकांनी कार्ड शोधलं, अडॅप्टर फुंकर मारून पुसला आणि विचारलं, "मास्टर करून देऊ की स्लेव्ह, ताई?"

तेवढ्यात भिंगरीनं स्क्रूंच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला होता. "मास्टर, मास्टर," असं काहीतरी म्हणत ती पोरीकडे धावली.

घरी येऊन तिनं कॉम्प्युटर उघडला. सासूबाई टॉर्च धरून उभ्या होत्या आणि भिंगरी "मी पण, मी पण" करत मधेमधे. चपट्या केबलीची लाल किनार तिनं पहिल्या पिनेकडे लावली, एका टोकाला जुनी डिस्क आणि दुसरीकडे कार्ड. जुन्यातलं सगळं कार्डावर उतरवायचं की झालं काम. बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर ओळ आली, की डिस्क एकही सापडली नाही.

"एकही नाही?" सासूबाईंनी टॉर्च आणखी जवळ आणला. "काल एक तरी होती ना?"

ती पुन्हा केबलीवर वाकली. किनार पाहिली, पिना पाहिल्या, केबल काढून परत लावली. तेच. आणि मग अडॅप्टरच्या कडेला दोन पिनांवर बसवलेली काळी टोपी दिसली, आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आई, माझंच चुकलं. एका केबलीवर दोघं असले की एकानं मास्टर व्हायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. ही टोपी असली की मास्टर. मी दोघांनाही मास्टर करून ठेवलंय. दोघंही हुकूम सोडतायत, ऐकायला कुणीच नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. गेल्या आठवड्यातच भिंगरीला स्वेटर घालायचा की नाही यावरून दोघींची चांगलीच जुंपली होती आणि पोरगी अर्ध्या बाहीत अडकून रडत बसली होती. पहिलं हसू कुणाला फुटलं ते सांगणं अवघड.

तिनं कार्डाची टोपी काढली. ती तळहातावर घेऊन भिंगरीनं निरखली. "कुणाची आहे ही?"

"कॉम्प्युटरची."

"नाही. एवढुशी? मुंगीची टोपी आहे." आणि कुणी काही म्हणायच्या आत गिरक्या घेत पसार झाली. परत आली ती रिकाम्या हातानं. "मुंगीला दिली," म्हणाली.

"कुठल्या मुंगीला?"

"तिला लागत होती तिला."

आता मात्र कॉम्प्युटरला दोघंही दिसले. दुपारी पोरगी झोपल्यावर तिनं नक्कल सुरू केली. डिस्कनं लांब ओढ घेतली, गुरगुरली, आणि टक्, टक्, टक्. किती उतरलं ते सांगणारा पडद्यावरचा आकडा जागचा हलेना. तिनं बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. "पुरे," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच हाल नको करूस त्यांचे."

डिस्कला त्या 'त्यांचे' म्हणाल्या, हे तिच्या लक्षात आलं. वर्कशॉपमधली सगळी विद्या वापरून झाली होती. आतल्या खोलीत भिंगरी झोपेत कुरकुरली, तशी ती सवयीनं आत गेली, तिला कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला. कुरकुर थांबली.

बाहेर येऊन तिनं डिस्कचे स्क्रू सोडवले, केबल न काढता ती उचलली आणि घडी केलेल्या फ्रॉकवर कुशीवर ठेवली. हसण्यासारखंच होतं. पण डिस्क जन्मभर एकाच अंगावर फिरून त्या अंगानं झिजलेली असते, दुसऱ्या अंगावर कधीकधी चालते, असं वर्कशॉपमध्ये कुणीतरी म्हणालं होतं खरं.

लांब ओढ. गुरगुर. मग गप्प. दोघींनी श्वास रोखला. मग पुन्हा गुरगुर, आणि पडद्यावरचा आकडा सरकला.

"कुशीवर वळवलं की हेही घोरायचं थांबायचे," सासूबाई पुटपुटल्या. "इथं उलटंच." आणि त्यांनी त्या डबीजवळ हात नेला, टेकवला मात्र नाही.

आकडा शेवटाला पोचला तेव्हा चहा कपात गार झाला होता. आता जुनी डिस्क काढायची आणि कार्डाला मास्टर करायचं. म्हणजे टोपी हवी. आणि टोपी कुठं आहे हे ठाऊक असलेलं माणूस आत गाढ झोपलेलं.

"उठवू का?"

"वेडी आहेस का?" झोपलेलं मूल उठवायचं नाही, यावर या घरात दोन मतं नव्हती. सासूबाईंनी चष्मा वर केला. "त्याच्यावर नाही का तसली टोपी? मास्टर होता म्हणालीस ना इतके दिवस?"

होती. जुन्या डिस्कच्या पाठीला, तशीच काळी.

सासूबाईंनी दोरा ओढायचा चिमटा घेतला. सुईतला दोरा दिसत नाही म्हणणाऱ्या बाईनं ती टोपी पहिल्या झटक्यात अलगद उचलली. क्षणभर हातात धरली. "तुम्ही पुष्कळ केलंत," डिस्कला म्हणाल्या, "आता निजा." आणि स्वतःच्या हातानं कार्डाच्या पिनांवर बसवली.

बटण दाबलं. ओढ नाही, गुरगुर नाही, काहीच नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. "मेलं वाटतं."

"नाही आई, बघा तरी."

पडद्यावर नक्षींची यादी आली होती, डोळ्याचं पातं लवायच्या आत. फुलं, पतंग, अक्षरं. सगळ्यात खाली बदक. सासूबाईंनी एक पांढरा तुकडा मशीनवर ताणला आणि बदकावर बोट ठेवलं. तिनं ते मशीनला धाडलं. सुई खाली आली. आधी चोच, मग वळलेली मान, टाका टाक्याशेजारी, जिथल्या तिथे. सासूबाई डोळे पुसत होत्या आणि दोरा डोळ्यात गेला म्हणत होत्या.

बदक पुरं झालं, सुई थांबली, आणि खोली अगदी शांत झाली. दारात भिंगरी उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. नेहमीसारखी चवड्यांवर कॉम्प्युटरपाशी आली. कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग हळूहळू टाचा जमिनीला टेकल्या.

तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, आजोबा जागे झाले का?"