गाठीसकट तोललेली वार

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी किंवा सोनं माझ्या नशिबी नव्हतं. मोरोक्कोच्या डोंगरातल्या एका प्रसूतिगृहात मी वार तोलायचो. बाळाला घ्यायला सगळे हात पसरतात. त्याच्यामागून येणाऱ्या वारेला कुणी विचारत नाही. पण नऊ महिने लेकराला पोसते ती तीच. ती फार हलकी निघाली, तर लेकरू पोटातच उपाशी राहिलं असेल, त्याला नजरेआड करायचं नाही. माझ्या वरच भिंतीवर तक्ता होता : कितव्या आठवड्याला वार किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत असावी. सुईण रकिया नाळ आणि वारेला चिकटलेले पडदे कापून, रक्त निपटून वार माझ्यावर ठेवायची. "हा म्हातारा खोटं बोलत नाही," म्हणायची. तेवढंच माझं कौतुक.

तिथली माणसं वार घरी नेऊन पुरतात, मीठ चोळून, फडक्यात बांधून.

त्या सकाळी हद्दाला मुलगी झाली. रकिया टाके घालत होती, तोवर हद्दाच्या सासूनं, तुदानं, गाठोडं बांधलंसुद्धा.

"लल्ला तुदा," रकिया म्हणाली; थोर बाईला तिथे लल्ला म्हणतात. "सोडा ती गाठ. वार उघडी तोलायचीय."

"गाठ सोडली की पोरीचं नशीब सांडतं! तशीच ठेव."

"मीठ किती घातलंत?"

"मूठभर. तुझ्या जिभेवर आहे त्याहून कमीच!"

बाहेर बर्फ भुरभुरत होता, गाडीवाला भोंगा वाजवत होता. रकियानं गाठोडं तसंच ठेवलं. चारशे तीस. तक्त्यात बसलं.

"जा घरी," ती म्हणाली.

मी काय करणार? ठेवलं ते तोललं.

चौथ्या दिवशी तुदा एकटीच आली. पोर दूध ओढेना, गार पडत गेली, आणि गेली.

रकियानं मूठभर मीठ आणि तसलंच फडकं माझ्यावर ठेवलं. एकशे तीस. म्हणजे वार जेमतेम तीनशे, आणि त्यात नाळही आलीच. तक्त्याच्या कितीतरी खाली.

"मग तुझा काटा तेव्हा का नाही बोलला?" तुदानं विचारलं.

रकियानं मीठ झटकून माझं पारडं पुसलं. प्रसूतिगृहाच्या मोठ्या साहेबांनी माझ्यावर 'खोटा' अशी चिठ्ठी डकवून मला कपाटात ढकललं, तेव्हा कपाटाचं दार तिनंच लावलं, गाठीचं नाव न काढता.

तेव्हापासून मी इथे आहे. कपाटाचं दार कुणी उघडत नाही. पलीकडे बाळं रडतात, त्यांची वार कोण तोलतं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माणसाला स्वतःची चूक उचलवत नाही, म्हणून तो ती मुक्या वस्तूच्या माथी मारतो. मला पुसू नका, तेल घालू नका, चालेल. पण लेकरू घरी धाडण्याआधी गाठ सोडा. म्हातारी शिव्या घालेल. घालू द्या.