माशांना दाणा कोण टाकतं

आधीच सांगून टाकतो, माशांच्या टाकीला रिअॅक्टर बसवण्यात माझी काडीचीही चूक नव्हती. उभं आयुष्य पंप बसवण्यात गेलंय माझं. दवाखान्यांचे, कारखान्यांचे, उंच इमारतींच्या गच्चीवरचे. त्यापुढे हे हातभर उंचीचं पारदर्शक नळकांडं म्हणजे किस झाड की पत्ती! पण घरात कुणाला पटेल तर शपथ.

झालं असं, की आमच्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलं. साधंसुधं नाही, केसांसारखं लांब आणि हिरवंगार. खडकांवर, पंपांवर, आणि मुख्य म्हणजे जांभळ्या प्रवाळावर. मी आणि बायकोनं ते आणलं तेव्हा नखाएवढा तुकडा होता, आमचा मुलगा शाळेत होता. आता परातीएवढं पसरलंय. घरी येणारा माणूस आधी त्याला बघतो, मग आम्हाला. त्याचा एकेक कोपरा शेवाळ गिळत चाललं होतं आणि खाली पांढरा सांगाडा उरत होता. माझा जीव तीळतीळ तुटत होता, खोटं कशाला बोलू?

शोभेच्या माशांच्या दुकानदारानं टाकीतलं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पाणी शाईसारखं निळं झालं. "काका, फॉस्फेट भरमसाट वाढलंय," तो म्हणाला. "दाणा फार पडतोय. न खाल्लेला दाणा कुजतो, त्यातून फॉस्फेट होतं, आणि शेवाळ त्याच्यावरच पोसतं."

"फार पडतोय? अरे, सकाळी एकदा, चिमूटभर! आणि तोही मी स्वतःच्या हातानं टाकतो."

"मग घरात दुसरं कुणीतरी टाकत असेल."

झालं! माझ्या डोक्यात एकच नाव आलं, सूनबाई. मुलगा दिवसभर बाहेर असतो आणि ही त्या टाकीशेजारीच लॅपटॉप उघडून बसलेली असते. मासे काचेला तोंड लावून भीक मागतात, तिला येत असेल दया.

फॉस्फेट ओढून घेणारे लोखंडाचे तांबूस दाणे आणि ते भरायचा रिअॅक्टर घेऊन घरी आलो. नळकांड्याच्या तळाशी स्पंज, त्यावर दाणे, वर पुन्हा स्पंज. दाणे निम्मेच घातले, कारण फॉस्फेट एकदम उतरलं तर प्रवाळाला सोसत नाही. पहिलं पाणी बादलीत सोडलं. गंजाचं लाल पाणी टाकीत गेलं तर सगळी टाकी गढूळ होते. बादली सूनबाईनंच धरली होती. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर नळी टाकीत वळवली आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. वरचे दाणे नुसते हलले पाहिजेत, त्यांना उकळी फुटता कामा नये. फुटली नाही. बघा, हे सगळं मला व्यवस्थित आठवतं.

बादली खाली ठेवता ठेवता मी तिला म्हणालो, "सूनबाई, माशांचा एवढा पुळका असेल तर त्यांच्यातच जाऊन राहा. पण मला न विचारता दाणा टाकायचा नाही."

ती लालबुंद झाली. तिनं सासूकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "हो बाबा. टाकला असेल चुकून. परत नाही टाकणार."

कबुली मिळाली! मी खुशीत. पण कसलं काय! जे लोखंडाचे दाणे महिना-दोन महिने सहज चालायला हवे होते ते आठवडाभरात निकामी झाले. नवे भरले, तेही गेले. पाणी निळं ते निळंच. प्रवाळ अर्ध्यावर आलं. मी दुकानदाराशी भांडलो, सूनबाईशी बोलणं टाकलं, मुलाला म्हणालो, तुझ्या बायकोला आवर. घरात सगळ्यांनी जणू तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

शेवटी डोकं लढवलं. दाण्याचा डबा टाकीखालच्या कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली. आंघोळीला जाताना तेवढी काढून खुंटीला लावायची. म्हटलं, आता टाक बघू दाणा!

आणि आज सकाळी मी आंघोळीला निघालो, किल्ली खुंटीला लावली, न्हाणीघरात शिरलो तर टॉवेल नाही. आणायला परत फिरलो. बैठकीच्या दारात आलो आणि जागच्या जागी थिजलो. कपाट सताड उघडं. त्याच्यासमोर माझी बायको मांडी घालून बसलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात दाण्याचं नवंकोरं पाकीट.

"चोर सापडला!" मी ओरडलो. "तू? अगं, तू? आणि मी त्या पोरीला नाही नाही ते बोललो!"

ती दचकलीसुद्धा नाही. पाकीट डब्यात रिकामं केलं, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "मी टाकीत टाकत नाही. मी डबा भरते."

"भरतेस? कशाला?"

"रिकामा होतो म्हणून."

"रिकामा कसा होईल? चिमूटभर दाणा लागतो! कपाटाला कुलूप आहे, किल्ली दिवसभर माझ्या..." आणि माझा हात आपसूक गळ्याशी गेला. किल्ली दिवसभर माझ्याच गळ्यात होती.

ती उठली. माझा उजवा हात धरून तिनं माझ्याच डोळ्यांसमोर धरला. "ही बाही ओली कशानं झाली?"

बाही कोपरापर्यंत ओली होती. मी दाणा वरून भुरभुरवत नाही, हात पाण्यात घालून प्रवाहापासून लांब सोडतो. बोटं नाकाशी नेली. दाण्याचा वास.

"सकाळी टाकला ना, तेव्हाची असेल."

"सकाळी अंगात चौकड्याचा शर्ट होता तुमच्या. त्याची बाही भिजली म्हणून तो मी वाळत घातला. हा दुसरा. चहा झाल्यावर एकदा टाकलात, मग पेपर वाचून झाल्यावर, आणि आत्ता आंघोळीला जाता जाता..."

"बस!" मी म्हणालो. मला काही म्हणजे काहीच आठवेना. चहा आठवत होता. पेपर आठवत होता. दाणा नाही. असं कसं होईल? मी काय खुळा आहे? खुर्चीत बसलो ते बसलोच. आणि मग, काय सांगू, भीती वाटली तसा मला रागच आला.

"मग डबा फेकून द्यायचास ना! भरत काय बसलीस? ते प्रवाळ मरतंय, दिसत नाही तुला? आपण दोघांनी वाढवलं ते!"

"दिसतं की. रोज बघते." तिचा आवाज आता फुटला. "अहो, कुलूप तुम्ही लावलंत, किल्ली तुमच्या गळ्यात. डबा रिकामा दिसला असता तर संशय घ्यायला दुसरं कोण उरलं होतं? प्रवाळ गेलं तर गेलं, म्हटलं. पण तुम्हाला कळायला नको."

"आणि सूनबाई?"

"तिनंच आधी ओळखलं. मला म्हणाली, आई, खपू दे माझ्या नावावर."

मी टाकीकडे पाहिलं. रिअॅक्टरमधले दाणे शिस्तीत हलत होते, मी बसवले होते तसेच. माझ्या मनात एक विचार आला. विचारायचं धाडस होईना, तरी विचारलं.

"हे आपण याआधी बोललोय का?"

तिनं माझी ओली बाही दुमडून वर केली.

"हो," ती म्हणाली.

"मग तेव्हा काय झालं?"

"तुम्ही रडलात. मी पण रडले. मग तुम्ही तोंड धुऊन आलात आणि मला म्हणालात, अगं, मासे सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना कुणी दाणा टाकला की नाही?"