चौकीवरचा पाचवा माणूस

पडताळणीवाल्यानं फाइल फटकन मिटली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सीमेवरच्या त्या चौकीवर चौघं होते. चौघंही लढाईत गेले. मग तुम्ही कुठून उपटलात?"

समोरच्या माणसानं दाराकडे पाहिलं. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. नवऱ्याचं सांगणं खोटं निघालं तर उपचार आजच बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. कित्येक वर्षांनी तो किंचाळत उठायचा थांबला होता, तो युद्धाचा धक्का बसलेल्या सैनिकांच्या या केंद्रातल्या दोन महिन्यांतच.

पडताळणीवाला स्वतः माजी सैनिक. त्याच्यामागे सगळे त्याला 'चाळणी' म्हणत आणि त्याला ते आवडायचं. लढाई न पाहिलेल्यांनी थापा मारून खऱ्या सैनिकांची जागा अडवायची, याची त्याला मनस्वी चीड होती. हाही भामटाच, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

त्यानं सांगितलं. पहिला गोळा किती वाजता पडला, आईला कोण हाका मारत होतं, कुणाचा खोकला कधी थांबला. सगळं फाइलीतल्या त्या लढाईच्या नोंदवहीशी तंतोतंत, मिनिटाचाही फरक नाही. अरे, खरी माणसं वेळा चुकतात!

"चौकीचं दार कुठल्या बाजूला होतं?"

"ते नाही सांगता येणार."

"बरं, तो खोकणारा. त्याला दाढी होती?"

"माहीत नाही."

"वा! शेजारी माणूस मेला आणि तोंड पाहिलं नाहीत?" चाळणीनं पेन उघडलं. "नोंदवही कुठे वाचायला मिळाली, तेवढं सांगून टाका."

"वाचली नाही, साहेब. लिहिली."

चाळणीचा हात थांबला. नोंदवही लिहिली जायची ती वायरलेसच्या खोलीत, चौकीपासून वीस किलोमीटर मागे.

"म्हणजे तुम्ही नुसतं ऐकलंत. मग तिथं होतो म्हणून का सांगितलंत?"

"खुर्चीत बसून होतो म्हटलं तर इथं कोण घेणार? आणि नुसतं ऐकलं नाही. ते विचारत होते, मदत निघाली का? मी सांगत होतो, निघाली, पोचतेच आहे. तीन तास."

चाळणीनं फाइल पुन्हा उघडली, पानं उलटली. मदत निघाल्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. आजवर तो त्याच्या नजरेतून सुटला होता.

"निघालीच नव्हती?"

"हुकूमच आला नाही. मला माहीत होतं."

मग चाळणीनं उपचारांचा अर्ज पुढे ओढला. 'लढाईत प्रत्यक्ष हजर' या शब्दांपुढे 'होय'वर खूण केली आणि सही ठोकली.

"साहेब, ते खरं नाही."

"गप्प बसा हो," चाळणी खेकसला. "हजर कोण होतं, ते मला शिकवू नका."